इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची म्हणतोय पण सोसायटीत प्लगच नाही, हिशोब जमतो का?

धायरी_टू_हिंजवडी

नमस्कार मंडळी. तीन महिने नुसतं वाचतोय, आता डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून विचारतो. राहायला धायरीत, ऑफिस हिंजवडी फेज टू. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, येऊन-जाऊन ५६ किलोमीटर, आणि नवले पूल, चांदणी चौक, वाकड हे सगळं फर्स्ट-सेकंड गिअरमध्येच. महिन्यातून एकदा गावी पाटणला, एका बाजूने पावणेदोनशे, आईवडील तिकडेच असतात. बाकी भाजी, पोराचा क्लास, लग्नं-मुंजी. सगळं धरून महिन्याला १२५०, म्हणजे वर्षाला १५ हजार किमी.

सध्या २०१६ ची डिझेल मॅन्युअल आहे, १ लाख ३८ हजार झालीय. क्लच दुसऱ्यांदा बदलायला आलाय आणि त्याच्यासोबत माझा डावा गुडघापण.

बजेट ऑनरोड २५, ताणून २८. महिंद्राची बीई सिक्स आणि टाटाची हॅरियर ईव्ही दोन्ही बघून आलो. एक चाकणची एक पिंपरीची, त्यामुळे बायको म्हणते कुठलीही घे, दोन्ही घरच्याच. बीई सिक्स लाँचला १८.९० लाखांपासून होती पण ७९ युनिटची (किलोवॅट-अवरची) मोठी बॅटरी आणि सगळे लाड हवे असतील तर २६.९०. हॅरियर ईव्हीपण लाँचला २१.४९ पासून, फोर व्हील ड्राइव्हवाली २८.९९. हे सगळं एक्स-शोरूम, वर चार्जरचे ५० हजार वेगळेच.

शोरूममधला पोरगा म्हणाला सर एक रुपया किलोमीटर पडेल. तो एक रुपया नक्की कुठल्या विजेचा हे मात्र त्याला काही सांगता आलं नाही. आमच्या सोसायटीत चार्जिंगची सोय नाही, चेअरमन काका म्हणतात बघू पुढच्या मीटिंगला, आणि हे ते दीड वर्ष म्हणतायत. तर बाहेर चार्ज करून हिशोब जमतो का, आणि ते एडास (गाडी आपणहून ब्रेक आणि लेन सांभाळते ते), मोठे स्क्रीन, काचेचं छत वगैरेसाठी वरचे चार-पाच लाख घालण्यात अर्थ आहे का? ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी सांगा, यूट्यूब बघून झालंय.


मीटर_फिरतोय

दादा आधी मीटरचं बघा, गाडी नंतर.

मी बाणेरला. १४ महिने, १९ हजार किमी. गाडी कुठली ते सांगत नाही कारण सांगितलं की इथे लगेच दोन गट पडतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. पहिल्या दिवसापासून वहीत लिहितोय, घरात त्या वहीची यथेच्छ चेष्टा होते पण आज कामाला आली बघा.

माझ्या स्क्रीनवर १०० किमीला साधारण १७ युनिट दिसतात. भिंतीवरच्या मीटरवर मात्र १९ पडतात. मधली दोन भिंतीतल्या एसी करंटचं बॅटरीसाठी डीसी करताना आणि बॅटरी थंड ठेवताना जातात. शोरूमवाले स्क्रीनचा आकडा सांगतात, बिल भिंतीचं येतं. म्हणजे तुमच्या १५ हजार किमीला वर्षाची २८५० युनिट धरा. आता ती आणणार कुठून यावर सगळा खेळ. आमच्याकडे ईव्हीचं वेगळं मीटर आहे, इकडचे तिकडचे आकार धरून ९ रुपये पडतात, म्हणजे वर्षाला साडेपंचवीस हजार. तीच वीज घरच्या मीटरवरून ओढलीत तर महिन्याला २४० युनिट जास्तीची चढतात आणि तुम्ही महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसता, तिथे विद्युत शुल्क वगैरे धरून युनिट १६ च्या घरात जातं, झाले ४५ हजार. आणि सगळंच बाहेर फास्ट चार्जरवर करायचं म्हटलं तर मला जीएसटीसकट सरासरी २४ पडलेत (चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी आहे, गाडीवर ५, ही एक गंमतच), म्हणजे ६८ हजार.

तुमची डिझेल १३ चं अ‍ॅव्हरेज देत असेल असं धरलं तर ११५० लिटर, ९१ ने १ लाख ५ हजार. म्हणजे गाडी तीच, रस्ता तोच, आणि बचत वर्षाला ८० हजार किंवा ३७ हजार, फरक फक्त तुम्ही वायर कुठे खुपसता त्याचा.

आणि तो एक रुपया. त्यासाठी युनिट सव्वापाच रुपयांना मिळायला पाहिजे. छतावर सोलर असणारे सोडले तर पुण्यात असलं युनिट कुणाला मिळत असेल तर मलापण पत्ता द्या.

चेअरमन काकांना एक सांगा, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केलाय, ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागायचा तुम्हाला हक्क आहे. अर्ज तुमचा, मीटर तुमच्या नावावर, बिल तुम्ही भरणार, सोसायटीचा एक पैसा नाही. हे वाक्य मीटिंगमध्ये तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा कुणी ऐकत नाही.


डिझेल_आबा

सगळे बचतच मोजतायत, व्याज कोण मोजणार?

समजा १५ लाखांचं लोन, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता ३१ हजारांच्या वर आणि नुसतं व्याजच ३ लाख ६८ हजार. वर मीटरवाल्या भाऊंनी सांगितलेली सगळ्यात चांगली बचत ८० हजार गुणिले ५, चार लाख. म्हणजे पाच वर्षं वही लिहायची आणि पैसे न्यायचे बँकेने.

तुमची २०१६ ची गाडी २०३१ पर्यंत पासिंगला आहे. क्लच टाका, पंचवीस-तीस हजार जातील, आणि अजून चार वर्षं निवांत फिरा. तोपर्यंत बॅटऱ्यापण सुधारतील. गुडघ्याचं म्हणाल तर माझं वय ६३, दोन्ही गुडघे बोलतात, तरी कात्रज-स्वारगेट रोज मॅन्युअलच.


मीटर_फिरतोय

आबा, मुद्दा बरोबर आहे पण जुनीशी नवीची तुलना केली तर जुनीच जिंकणार, मग गाडी डिझेल असो नाहीतर बैलगाडी. धायरीकर दादांना गाडी बदलायचीच असेल तर नव्या डिझेलशी तुलना करा. २० लाखांच्या डिझेलवर महाराष्ट्रात रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार सरळ आरटीओत. २० च्या वर गेलात की १५ टक्के. ईव्हीला शून्य. आपल्याकडे मध्यंतरी ३० लाखांच्या वरच्या ईव्हींवर ६ टक्के लावायचं ठरत होतं तेपण सरकारने मागे घेतलं. त्यामुळे एक्स-शोरूमला दोन-अडीच लाख महाग दिसणारी ईव्ही ऑनरोडला नव्या डिझेलच्या बरोबरीत येऊन उभी राहते. व्याज मग दोघांनाही सारखंच की.

हां, एक गोष्ट. शोरूममध्ये अजून कुणी ‘सर इन्कम टॅक्समध्ये दीड लाख सूट’ म्हणालं तर हसून सोडून द्या. ते ८० ईईबी कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनपुरतंच होतं. मला २०२४ मध्ये एकाने त्या जोरावर कोटेशन काढून दिलेलं.


अनघा_कोथरूड

माझ्याकडे ११ महिने आहे. खर्चाचं वर आलंय, मी बाकीचं सांगते कारण आमचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

पहिलं, तुमचं पार्किंग कसलं आहे? आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मजली यांत्रिक पार्किंग, त्यावर लहानशी पत्र्याची पाटी, कमाल वजन २००० किलो. कुणी वाचत नाही ती. ह्या मोठ्या बॅटरीच्या सगळ्या गाड्या दोन टनांच्या वर जातात, त्यात चार माणसं आणि सामान नसताना. आम्ही बुकिंग केलं आणि मग यजमानांनी ती पाटी वाचली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या देशपांडे आजोबांशी जागा बदलून घेतली, त्यांची छोटी गाडी वर. दर दिवाळीला फराळ जातो आता तिकडे. रुंदीपण बघा, बीई सिक्स १९०७ मिलीमीटर आहे, आरशांशिवाय. दोन खांबांमध्ये टेप लावून या आधी.

दुसरं आईवडील. बॅटरी पायाखाली असते ना, त्यामुळे मागच्या सीटसमोरची जमीन वर येते आणि गुडघे उचललेले राहतात, मांडीला खालून आधार नाही. पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही, साताऱ्यापर्यंत गेलं की कळतं. आईंना शोरूमला घेऊन जा, मागे बसवा आणि अर्धा तास तिथेच गप्पा मारा, एसी चालू असतो, चहापण देतात.

तिसरं, रिजन. म्हणजे पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी हळू होते आणि तेवढीच वीज परत बॅटरीत जाते. चालवणाऱ्याला फार आवडतं, एका पायाने गाडी चालते, तुमच्या गुडघ्याचं तर सोनंच होईल. पण मागे बसणाऱ्याला होडीत बसल्यासारखं होतं. आमच्या सासूबाईंना खंबाटकी उतरताना दुसऱ्या वळणावरच उलटी झाली, आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती त्यांना. मग रिजन सगळ्यात कमीवर केलं आणि कोल्हापूरपर्यंत काही झालं नाही. आता ज्येष्ठ मंडळी गाडीत असली की ते पहिलं बघायचं.

एडास म्हणाल तर एक्स्प्रेसवेवर छान, लेनमध्ये धरून ठेवतं. कर्वे रोडला मी बंद करते. समोर स्कूटर आडवी घुसली की ते घाबरून ब्रेक मारतं आणि मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्या काढतो. काचेचं छत मुलांना आवडतं, एप्रिल-मेमध्ये मला नाही. तेवढ्यासाठी वरचं व्हेरियंट घेऊ नका. मला विचाराल तर पैसे टाकायचेच तर बॅटरीत टाका, चारी बाजूंच्या कॅमेऱ्यात टाका आणि हवेशीर सीटमध्ये टाका. पुण्याच्या उकाड्यात त्या सीटइतकं सुख दुसरं नाही.

आणि स्टेपनी विचारा! काही मॉडेल्सना स्टेपनीच नसते, फेस भरायचं किट आणि हवेचा पंप देतात. टायर साइडने फाटला तर त्या फेसाचं काय, केक करायचा?


चौकात_उभा

स्टेपनीचं एक नंबर सांगितलं ताई. टायरचापण खर्च धरा रे कुणीतरी. वजन जास्त, पिकअप जास्त, ३०-३५ हजारांतच माझे मागचे दोन गेले, १९ इंची आहेत, एकेक १८ हजारांना. सर्व्हिस म्हणाल तर काही नाही, केबिन फिल्टर, कूलंट बघणं, ब्रेक ऑइल. पहिल्या वर्षाचं बिल बघून मीच विचारलं अजून काही राहिलं का.

आणि ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. ७९ युनिटची बॅटरी फुल आणि ही छोटी बसली तर गाडीचं दारपण उघडत नाही. माझी लग्नाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये बसली, वरात गेली, मी तिथेच.


वायरमन_नाही_पण

चार्जरबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. २२ वर्षं इलेक्ट्रिकलमध्येच आहे, नावावर जाऊ नका.

५६ किमी म्हणजे भिंतीवरची ११ युनिट. साधा १५ अँपियरचा पोर्टेबल केबल ३ किलोवॅटने देतो. चार तास. रात्री अकराला लावा, तीनला झालं, तुम्ही झोपेत. आठवड्यातून तीनदा. मग ७.२ किलोवॅटचा ५० हजारांचा डबा भिंतीवर कशाला? रिकामी बॅटरी एका रात्रीत भरायची वेळ तुमच्यावर महिन्यातून एकदा येणार, गावी जायच्या आधी, तेव्हा गुरुवारी रात्रीपासूनच लावून ठेवा. गाडीसोबत तो डबा घेणं सक्तीचं आहे का ते आधी विचारा आणि नसेल तर पैसे वाचवा.

पण, आणि हा पण मोठा आहे, ते १५ अँपियरचं सॉकेट गिझरसाठीचं घरगुती चालणार नाही. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी दहा-दहा तास. एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, बघतो तर पांढरं सॉकेट वरच्या भोकापाशी चहा सांडल्यासारखं तपकिरी झालेलं आणि प्लग हाताला चटका देत होता. दोन महिन्यांत ही अवस्था. आत बघितलं तर वायर दीडची (म्हणजे दीड चौरस मिमी, बारीक) आणि स्क्रू ढिला. आग बॅटरीची लागत नाही दरवेळी, ह्याची लागते, आणि मग पेपरात येतं ईव्हीने पेट घेतला. इंडस्ट्रियल सॉकेट घ्या, निळं येतं ते झाकणवालं. तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की पडतो तो), आरसीसीबी (करंट गळला की पडतो तो), आणि अर्थिंग. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही, लाल दिवा लावून बसते, आणि लोक सर्व्हिस सेंटरला शिव्या घालतात.

चेअरमन काकांची भीती आगीची असेल तर त्यांना सांगा ह्या दोन्ही गाड्यांची बॅटरी एलएफपी आहे, म्हणजे लोह-फॉस्फेट. जास्त तापमान सहन करते, सहजासहजी भडकत नाही. आणि तुमच्यासाठी, एलएफपीला आठवड्यातून एकदा १०० टक्के करायचं असतं, नाहीतर गाडीला आपलीच बॅटरी किती उरलीय ते नीट समजत नाही. ‘८० च्या वर करायचीच नाही’ हे दुसऱ्या जातीच्या बॅटरीचं आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना सरसकट वाटतात.


कोयनाकाठ

अरे पाटण म्हणाल्यावर मी आलोच. आमचं घर कोयनेच्या अंगाला, मी असतो पिंपळे सौदागरला, माझ्याकडे गेल्या वर्षीपासून आहे.

रेंजचं सांगतो. जाहिरातीतली रेंज घ्या आणि ७० टक्के करा, मला तरी हेच लागू पडलंय. बीई सिक्स ७९ ची ६८२ सांगतात म्हणजे ४७५ धरा, हॅरियरची मागच्या चाकांवरची ७५ वाली ६२७ म्हणजे ४४०. तुमचं जाऊन-येऊन ३५०. म्हणजे पुण्यातून १०० करून निघालात तर न चार्ज करता परत येता. येता, पण कात्रजच्या बोगद्यात शिरताना १५-२० टक्के दिसतात आणि आपण उगाच एसी बंद करून घाम पुसत बसतो. त्यापेक्षा गावच्या घरी वर वायरमन काकांनी सांगितलं तसलं सॉकेट टाकून घ्या, दोन रात्रीत पाहिजे तेवढी भरते. छोटी ५९ ची घेतलीत तर मात्र हे करायलाच लागेल.

हायवेच्या चार्जरवर भरवसा ठेवून निघू नका. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात दोन चार्जिंग गन आहेत, अ‍ॅपवर हिरव्या, म्हणजे रिकाम्या. पोचलो तर एक बंद, स्क्रीन काळा, दुसऱ्यासमोर कोंबड्यांचा टेम्पो लावलेला आणि ड्रायव्हर आत मिसळ खातोय. त्याला उठवून टेम्पो हलवला तर गन लागली पण पाच मिनिटांनी सुटली, परत लावली, परत सुटली. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे सर मशीन रिस्टार्ट करतो, दहा मिनिटं थांबा. चाळीस मिनिटं थांबलो. पैसे कापले ते सात दिवसांनी परत आले. तेव्हापासून हायवेवर थांबायचं झालं तर चार-पाच गन असतील तिथेच थांबतो, आणि २५ टक्के असतानाच. उंब्रज सोडलं की मी कुठल्या चार्जरची आशाच ठेवत नाही.

आता चांगलं. हॅरियर ईव्हीत व्हीटूएल आहे, म्हणजे गाडीतून घराला वीज. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा लाईट गेली की गेली, धरण उशाला आणि अंधार घराला. गेल्या जुलैत सलग १९ तास नव्हती. गाडी पडवीला लावली, एक एक्स्टेन्शन आत घेतलं, फ्रिज, दोन पंखे, चार बल्ब, राऊटर आणि शेजारच्या काकूंचा मिक्सर. सकाळी बघितलं तर बॅटरी ६ टक्के उतरली होती. वडील जे आधी ‘पेट्रोल नाही ती कसली गाडी’ म्हणत होते ते आता आलेल्या पाहुण्यांना गाडी दाखवत नाहीत, प्लग दाखवतात.


नऱ्हे_आंबेगाव

मधेच विचारतो, ईव्हीला टोल माफ आहे ना सगळीकडे? धायरीकरांचा तोपण वाचेल की.


मीटर_फिरतोय

सगळीकडे नाही. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू हे तीन रस्ते पूर्ण माफ आहेत. एक्स्प्रेसवेला एका बाजूचे ३२० असतात त्यामुळे मुंबईला वरचेवर जाणाऱ्याला ही रक्कम चांगलीच आहे. पण फास्टॅगचा मेसेज दरवेळी उघडून बघा, धोरण एक म्हणतं आणि मशीन एक कापतं असं बऱ्याच जणांचं झालंय. फास्टॅगला गाडीची नोंद ईव्ही म्हणून आहे का तेपण तपासा.

पाटणला जाताना खेड शिवापूर आणि आनेवाडी लागतात, ते राष्ट्रीय महामार्गाचे, तिथे ईव्हीची हिरवी नंबरप्लेट असली तरी पैसे भरा. तिथे १५ ऑगस्ट २०२५ ला ३ हजारांना सुरू झालेला वार्षिक पास चालतो, २०० फेऱ्या. दादा वर्षाला ४८ वेळा नाके ओलांडणार, म्हणजे त्या भावाने दरवेळी ६२ रुपये पडले. त्याच्यापेक्षा जास्त कापत असतील तर पास घ्या. उलटं म्हणजे हा पास एक्स्प्रेसवेवर चालत नाही, तो एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते महामंडळाचा. लोक तिथे जाऊन भांडतात.

कुणीतरी मेसेजमध्ये विचारलं होतं घाटात बॅटरी पटकन उतरते का. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढायचं, सव्वादोन टनांचं धूड तेवढं वर उचलायला नुसती साडेतीन युनिट लागतात, रस्त्याची नेहमीची वेगळी. स्क्रीनवर ते आकडे धडाधड पडताना बघून नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो. उतरताना दोनेक परत मिळतात. चढताना स्क्रीनवर टेप लावा, तुमच्या गुडघ्याएवढाच तुमचा रक्तदाबपण महत्त्वाचा.


डिझेल_आबा

विकायला गेलात की काय मिळणार ते विचारा. ते कुणी सांगत नाही.


मीटर_फिरतोय

आबा ह्यावर मी गप्प. खरंच कमी मिळतं. बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी म्हणतात ती पहिल्या मालकापुरती आणि खासगी पासिंगला. टाटाच्या भाषेत लाइफटाइम म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं, आणि महिंद्राचं दुसऱ्या मालकाकडे गेली की १० वर्षं किंवा २ लाख किमी. त्यामुळे तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल त्याने ईव्ही घेऊच नये असं माझं मत आहे. दहा वर्षं वापरणार असाल तर घ्या. धायरीकर दादांनी मागची ९-१० वर्षं वापरलीच आहे म्हणा.


धायरी_टू_हिंजवडी

मंडळी, तीन आठवडे गायब होतो त्याबद्दल माफी. तुम्ही सांगितलेलं एकेक करत गेलो.

पार्किंग साधं आहे, यांत्रिक नाही, टेप लावली, खांबांमध्ये २ मीटर ६०. हॅरियर ४६०७ मिलीमीटर लांब, ती मागच्या भिंतीला टेकवल्याशिवाय पुढून निघता येणार नाही, बीई सिक्स ४३७१ ची निवांत बसते. आई पुण्यात आलीच होती, अनघाताईंनी सांगितलं तसं दोन्हीकडे मागे बसवलं आणि गप्पा मारल्या. हॅरियरमध्ये खूश. बीई सिक्समध्ये वीस मिनिटांनी म्हणाली मागची काच लहान आहे, बाहेरचं काही दिसत नाही, म्हशीसारखं वाटतं. नक्की कुठल्या म्हशीसारखं ते विचारलं नाही. म्हणजे पार्किंगला एक आवडली आणि आईला दुसरी.

मीटिंग झाली. ‘सोसायटीचा एक पैसा नाही’ हे मी चारदा म्हणालो. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले तुमच्या गाडीने लिफ्टची वीज जाईल, मग सेक्रेटरींनीच त्यांना समजावलं की लोड वेगळा आहे. शेवटी चेअरमन काका म्हणाले लिहून द्या, केबल दिसता कामा नये आणि बाकी कुणी घेतली तर त्यांनापण त्याच ट्रेमधून द्यायची. काय बोलणार, कबूल केलं. तीन जणांनी नंतर जिन्यात हळूच विचारलं की कितीला पडतं.

महावितरणला वेगळ्या मीटरचा अर्ज टाकलाय. गाडी अजून बुक केलेली नाही, मीटर लागला की करेन, आधी नाही. छोट्या बॅटरीची हॅरियर ६५ वाली की बीई सिक्स ७९ ह्यात अडकलोय, आईचं मत निर्णायक ठरणार असं दिसतंय. वडिलांना व्हीटूएलचं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, विहिरीवरची मोटर चालेल का. पाच एचपीची आहे म्हटल्यावर मी विषय बदलला. आणि आबा, क्लच टाकून घेतलाय, २७ हजार, तोपर्यंत गाडी चालली तर पाहिजे.

वायरमन काका, एक शेवटचं. मीटर रूमपासून माझ्या खांबापर्यंत मोजलं, वळणं धरून ४७ मीटर. इलेक्ट्रिशियन म्हणतोय आर्मर्ड केबल ४ ची टाकू, १५ अँपियरला भरपूर झाली. चालेल का?


वायरमन_नाही_पण

१५ अँपियरला चालेल. पण ६ ची टाका. उद्या ७.२ वाला बसवावासा वाटला तर ४७ मीटरवर ४ ची केबल ३२ अँपियरला १४-१५ व्होल्ट खाईल आणि सगळा ट्रे परत उघडायला लागेल. आणि त्या जिन्यातल्या तिघांना आत्ताच विचारून घ्या, ट्रे रुंद लागेल.